तालीम मास्तर गोविंद बल्लाळ देवल

जुन्या नाटक मंडळीचे एखादे हस्तपत्रक कोणी जपून ठेवले असेल, तर ते एकदा नीट वाचून पाहावे. वर मंडळीचे नाव, त्याखाली नाटकाचे, मग नाटककाराचे, मग मुख्य नटांची नावे ठळक टायपात. तिकिटांचे दर असतात, पडदा किती वाजता उघडणार हे असते. पण अमक्याने राजा व्हावे, तमक्याने नोकर व्हावे हे ज्याने ठरविले, आणि ठरविल्यावर त्या दोघांकडून महिना महिना घोकून घेतले, त्या माणसाचे नाव त्यात बहुधा सापडावयाचे नाही. नाटकवाल्यांच्या भाषेत त्याला तालीम मास्तर म्हणत. आजच्या व्याख्यानाचा विषय हा तालीम मास्तर आहे, आणि त्या पेशातला मराठीतला सर्वांत मोठा माणूस म्हणून आम्ही गोविंद बल्लाळ देवल यांची निवड केली आहे.

कामगार संघटनेच्या माणसाने नाटकावर का बोलावे, अशी शंका कोणाला येईल. आमचे उत्तर सरळ आहे. नाटक मंडळी हाही एक कारखानाच होता. तेथे मालक होते, भागीदार होते, पगारी नट होते, सुतार, शिंपी, पेटीवाले, तबलजी, आचारी होते. कोणाला कोणते काम द्यावयाचे आणि ते काम त्याला कोणी शिकवावयाचे, हे प्रश्न गिरणीत जसे पोटाचे प्रश्न असतात तसेच ते नाटक मंडळीतही होते. ज्याला चांगली भूमिका मिळाली त्याचा पगार चढला, ज्याला मिळाली नाही तो आयुष्यभर भालदार-चोपदार राहिला. तेव्हा भूमिका वाटणारा माणूस कसा होता हे पाहणे आमच्या धंद्याच्या बाहेरचे नाही.

प्रथम हा पेशा निर्माण का झाला ते पाहू. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर'चा प्रयोग केला, तेव्हा नाटक लिहिलेले नसे. सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रे आपापली भाषणे आयत्या वेळी रचून बोलत. तेथे सूत्रधार हाच शिक्षक आणि तोच निवड करणारा. पुढे १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' आले आणि लिहिलेल्या गद्य नाटकांचा काळ सुरू झाला. १८८० साली ३१ ऑक्टोबरला पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा प्रयोग झाला आणि संगीत नाटक उभे राहिले. आता नटाला दुसऱ्याने लिहिलेला शब्द जसाच्या तसा पाठ करावा लागे, तो आपलाच आहे असा बोलावा लागे, आणि मध्येच गावेही लागे. हे आपोआप येत नाही. कोणी तरी शिकवावे लागते. त्या 'कोणी तरी'चे नाव तालीम मास्तर.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजी सांगलीजवळच्या हरिपूर गावी झाला. शिक्षण बेळगावास झाले आणि तेथे अण्णासाहेब किर्लोस्कर हे त्यांचे शिक्षक होते. शाळेतला हा गुरुशिष्याचा धागा पुढे रंगभूमीवरही टिकला. देवल किर्लोस्करांच्या नाटक मंडळीत आले, त्यांनी नट म्हणून भूमिका केल्या, आणि १८८५ साली अण्णासाहेब वारल्यानंतर त्यांच्या पठडीचे सर्वांत जाणते शिक्षक म्हणून लोक त्यांच्याकडे पाहू लागले. 'दुर्गा', 'मृच्छकटिक', 'विक्रमोर्वशीय', 'झुंझारराव', 'शापसंभ्रम', 'शारदा' आणि 'संशयकल्लोळ' ही त्यांची सात नाटके. त्यांतले पूर्णपणे स्वतंत्र म्हणावे असे 'शारदा' हे एकच. बाकीची संस्कृतावरून किंवा इंग्रजीवरून बेतलेली. नाटककार म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांचा दिवस पुष्कळदा लिहिण्यापेक्षा शिकविण्यात गेला, आणि आमच्या मते त्यांचे लिहिणे इतके सोपे, इतके तोंडात बसणारे झाले त्याचे कारणही तेच आहे. ज्याला रोज पन्नास वेळा तेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते, तो अवघड वाक्य लिहीत नाही.

आता तालीम म्हणजे काय चाले ते सांगतो. संपूर्ण नाटकाची वही एखाद्याच्याच हाती असे. प्रत्येक नटाला फक्त त्याच्या भाषणांची हाताने उतरलेली प्रत मिळे. तिला 'नक्कल' म्हणत. नक्कल पाठ झाल्यावर बैठकीच्या तालमी, मग उभ्याने तालमी, शेवटी पोशाख आणि पडद्यांसह रंगीत तालीम. यात मास्तर काय करी? तो आधी नाटकाचा अर्थ सांगे, कारण नटाच्या हातात फक्त त्याची नक्कल असते, दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे त्याला कोठून कळणार? मग शब्दांचे उच्चार, कोठे थांबावयाचे, कोणत्या शब्दावर जोर द्यावयाचा, बोलणे संपवून पदात कसे शिरावयाचे, दुसरा बोलत असताना आपण कसे उभे राहावयाचे, हे सर्व. पुष्कळ नटांना लिहिण्यावाचण्याचे शिक्षण बेताचेच असे. मास्तर हीच त्यांची शाळा, तेच कॉलेज. आम्हीही शाळेच्या बाकावर फार दिवस बसलेले नाही, म्हणून या शाळेची किंमत आम्हाला कळते.

पण शिकविणे हे अर्धे काम झाले. त्याआधीचे अर्धे काम म्हणजे निवड. आज सिनेमात आणि मालिकांत याला कास्टिंग म्हणतात आणि ते करणाऱ्याला कास्टिंग डिरेक्टर. त्या काळी वेगळे नाव नव्हते, पण काम होतेच, आणि त्यात तीन मोठ्या अडचणी असत.

पहिली अडचण मालकाची. मंडळीचा भागीदार असलेला नट नायकाची भूमिका सहसा सोडीत नसे. केस पिकले, पोट सुटले, तरी राजपुत्र तोच. दुसरी अडचण गळ्याची. संगीत नाटकाला लोक गाणे ऐकण्यासाठी येत, म्हणून ज्याचा गळा गोड त्याला मोठी भूमिका, मग त्याला बोलता येवो वा न येवो. तिसरी अडचण सर्वांत क्रूर. स्त्रियांच्या भूमिका मुलगे करीत. कोवळ्या वयाचा, नाकीडोळी नीटस, गोड गळ्याचा मुलगा शोधून आणावयाचा, त्याला घडवावयाचे, आणि चारपाच वर्षांनी त्याचा आवाज फुटला, ओठांवर मिसरूड आले, की त्याचे काय? गिरणीत हात तुटला तर निदान नुकसानभरपाई मागता येते. येथे मुलगा मोठा झाला हाच त्याचा अपघात. भाऊराव कोल्हटकरांसारखा एखादा स्त्रीभूमिका गाजवून पुढे पुरुषभूमिकांतही नाव मिळवी. बालगंधर्वांसारखा एखादा साठीच्या घरातही स्त्रीभूमिकेत उभा राही. पण हे हजारांत एक. ज्यांचे नाव राहिले नाही अशी मुले किती असतील, याचा हिशोब कोणी ठेवला नाही.

या तीन अडचणी मनात धरून 'शारदा' पाहा. हे नाटक १८९९ सालचे. पंच्याहत्तरीचा श्रीमंत भुजंगनाथ एका लहान मुलीशी लग्न करावयास निघतो, तिचा बाप कांचनभट पैशासाठी तिला द्यावयास तयार होतो, भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो, आई इंदिराकाकू तळमळते, आणि कोदंड नावाचा तरुण हे लग्न मोडतो. यात राजा नाही, राणी नाही, देव नाही. सगळी माणसे आपल्या गल्लीतली. म्हणून निवड फार अवघड. भुजंगनाथ नुसता विनोदी केला तर लोक हसतात आणि मुलीचे दुःख वाहून जाते. नुसता दुष्ट केला तर लोक शिव्या देतात, पण आपल्याच आळीतला म्हातारा त्यांना त्यात दिसत नाही. त्याचे हसूही यावे आणि चीडही यावी, असा नट पाहिजे. कांचनभट करणाऱ्याला लोभ दाखविता आला पाहिजे, पण तो बाप आहे हे विसरून चालत नाही. आणि शारदेला गळा पाहिजेच, पण त्याहून जास्त काही पाहिजे: आपल्याला विकले जात आहे हे कळलेल्या मुलीची भीती. असे नाटक लिहिणारा माणूस प्रत्येक भूमिकेला कोणत्या जातीचे लाकूड लागेल हे जाणून लिहीत होता. सुतार जसा लाकूड पाहून चौकट ठरवितो आणि चौकट पाहून लाकूड निवडतो, तसे हे दुहेरी काम आहे.

दुसरे उदाहरण 'झुंझारराव'चे. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून देवलांनी हे नाटक १८९० साली केले. शाहूनगरवासी मंडळीचे गणपतराव जोशी यांनी ती भूमिका गाजविली आणि त्यांना ती देवलांनी शिकविली. गणपतरावांचे शालेय शिक्षण फारसे झालेले नव्हते. त्यांचा 'हॅम्लेट' आगरकरांनी १८८३ साली प्रसिद्ध केलेल्या 'विकारविलसित' या भाषांतरावर उभा होता. फर्ग्युसन कॉलेजचे प्राध्यापक वासुदेवराव केळकर यांच्यासारखे विद्वानही त्या मंडळीला तालीम देत. म्हणजे पाहा, कॉलेजातले ज्ञान तालमीच्या सतरंजीवर उतरले आणि ज्याने कॉलेज पाहिले नव्हते त्याच्या तोंडून ते हजारो लोकांपर्यंत गेले. त्या लोकांत पिटातला हमालही होता. विद्या खाली कशी झिरपते याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

येथे शिक्षकाची खरी परीक्षा आहे. वाईट मास्तर आपली नक्कल करून घेतो. तो जसा हात उडवितो तसा नट हात उडवितो, आणि दहा नट एकाच साच्यातल्या विटांसारखे निघतात. देवलांच्या हाताखालून गेलेली माणसे पाहिली तर असे दिसत नाही. गणपतराव जोशी गद्य नाटकांतल्या भव्य भूमिकांचे. गणपतराव बोडस विनोदी आणि गंभीर अशा दोन्ही भूमिकांत मुरलेले. बालगंधर्व स्त्रीभूमिकेचे आणि गाण्याचे. तिघांत एकही दुसऱ्यासारखा नाही. मास्तराचा ठसा शिष्याच्या अंगावर दिसू नये आणि शिष्याच्या कामात मात्र तो सर्वत्र असावा, हीच चांगल्या शिक्षणाची खूण होय.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. मंडळी नवी, पण शिकवावयास माणूस जुना आणि खात्रीचा पाहिजे, म्हणून देवलांना त्यांनी बोलाविले. आपल्याच पूर्वीच्या गद्य नाटकावरून देवलांनी पदे घालून 'संशयकल्लोळ' तयार केले ते याच मंडळीसाठी. त्यात फाल्गुनरावाची भूमिका बोडसांची आणि रेवतीची बालगंधर्वांची. हे प्रहसन शंभर वर्षांनंतरही लोकांना हसविते, कारण प्रत्येकाचा संशय त्याला स्वतःला खरा वाटतो आणि नटाने तो खरा धरूनच बोलावा लागतो. हसविण्यासाठी बोलला की संपले. प्रयोग १९१६ साली रंगभूमीवर आला, पण तो पाहावयास देवल नव्हते. त्याच वर्षी १४ जून रोजी त्यांचा अंत झाला होता. शिकविणाऱ्याच्या वाट्याला पुष्कळदा हेच येते: पेरणी त्याची, कापणीच्या दिवशी तो शेतात नसतो.

आता आम्ही आमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत एके काळी जॉबर किंवा मुकादम नावाचा माणूस असे. गावाकडून माणसे आणावयाची, कोणाला कोणत्या सांच्यावर उभे करावयाचे ते ठरवावयाचे, हे त्याच्या हाती असे. काम देण्याची सत्ता त्याच्या हाती होती म्हणून त्याला दस्तुरी द्यावी लागे. १९३१ साली शाही कामगार आयोगाने या पद्धतीवर कडक टीका केली, आणि १९३५ पासून बदली कामगारांची नोंद ठेवून त्याची ती सत्ता थोडी आवळण्यात आली. तालीम मास्तराच्या हातीही अशीच काम देण्याची सत्ता होती. मालकाचा शब्द शेवटचा असला तरी मास्तराचे म्हणणे वजनदार असे. मग तो जॉबर का झाला नाही?

आमच्या समजुतीप्रमाणे याचे कारण असे: ज्याला त्याने निवडले, त्याला शिकविण्याचे कामही त्याच्याच गळ्यात होते. लाच घेऊन किंवा नात्यागोत्याने एखाद्या ठोंब्याला नायक केले, तर त्या ठोंब्याशी महिनाभर डोके त्यालाच फोडावे लागणार, आणि पडदा उघडल्यावर पिटातल्या शिट्ट्याही त्याच्याच शिकविण्याला पडणार. निवड आणि शिक्षण एका हातात होते, म्हणून सत्तेला जबाबदारीचे वजन बांधलेले होते. प्रत्येक मास्तर साधू होता असे आमचे म्हणणे नाही. व्यवस्थाच अशी होती की अप्रामाणिकपणा त्याला महाग पडे.

आज ही दोन कामे पुष्कळ ठिकाणी वेगळी झाली आहेत. मुंबईत अंधेरीच्या गल्ल्यांत शेकडो मुलेमुली ऑडिशनसाठी रांगा लावतात. मराठवाड्यातूनही जातात. निवडणारा पाच मिनिटे पाहतो, टिपण करतो, पुढच्याला बोलावतो. न निवडलेल्याला काय कमी पडले हे सांगावयास त्याला वेळ नाही, आणि निवडलेल्याला शिकविणे हे त्याचे काम नाही. यात मनापासून काम करणारे, नव्या माणसाला हात देणारे लोक आहेत, हे आम्ही मान्य करतो. त्यांच्या श्रमालाही फार दिवस कोणी विचारले नाही. अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने भूमिकांच्या निवडीसाठी वेगळा ऑस्कर द्यावयाचे ठरविले ते २०२४ साली, म्हणजे पारितोषिके सुरू झाल्यावर जवळजवळ शंभर वर्षांनी. पण जेथे काम देण्याची सत्ता आहे आणि शिकविण्याची जबाबदारी नाही, तेथे जॉबर निर्माण होतो. काम देतो म्हणून पैसे मागणारे, आणि मुलींकडून पैशाहून वाईट काही मागणारे लोक या धंद्यात आहेत, हे २०१८ साली अनेक स्त्रियांनी उघडपणे सांगितले. त्याला केवळ माणसांची दुष्टता म्हणून भागत नाही. ती व्यवस्थेतली फट आहे.

ही फट बुजविण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' आणली, त्यात ज्योत्स्ना भोळ्यांसारख्या स्त्रियांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या, आणि कोवळ्या मुलांना शोधत फिरण्याची पद्धत मागे पडू लागली. महाराष्ट्रात १९५०च्या दशकात सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेने आणि कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धांनी गावोगावच्या हौशी मंडळींना तालमीची सवय लावली. आमच्या औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरास, मराठवाडा विद्यापीठात नाट्यशिक्षणाचा विभाग निघाला आणि त्याच शहरातल्या तरुणांनी 'जिगीषा'सारखी संस्था उभी केली. ज्यांनी एकमेकांना शिकविले त्यांनीच एकमेकांना निवडले. हा देवलांच्याच रीतीचा नवा अवतार म्हणावयास हरकत नाही.

शेवटी आपल्या कन्नडचे. येथे जत्रेला, गणेशोत्सवात, कामगारांच्या मेळाव्यात अजून नाटके बसतात. कारखान्याच्या हंगामातून सुटलेला, एसटीची फेरी संपवून आलेला, बाजार समितीत दिवसभर पोती उचललेला माणूस रात्री नऊ वाजता तालमीला येतो. आम्ही अशा कित्येक तालमींना बसलो आहोत. तेथे भूमिका कशा वाटल्या जातात? ज्याने वर्गणी जास्त दिली तो नायक. ज्याचा हुद्दा मोठा तो पोलीस इन्स्पेक्टर. आणि ज्याला खरोखर बोलता येते तो मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभा. शिकविण्याचे म्हणाल तर, 'पाठ झाले का?' एवढाच प्रश्न.

यावर आमची सूचना साधी आहे, आणि तिला पैसा लागत नाही. नाटक वाचून झाल्यावर लगेच भूमिका वाटू नका. आठ दिवस सर्वांनी सर्व भूमिका वाचाव्या. मग एकाच जाणत्या माणसाने भूमिका ठरवाव्या, आणि ज्याने ठरविल्या त्यानेच पडदा पडेपर्यंत त्या शिकवाव्या. ज्याला भूमिका मिळाली नाही त्याला का मिळाली नाही हे त्याने तोंडावर सांगावे, आणि पुढच्या वर्षी मिळावी म्हणून काय करावे हेही सांगावे. रशियात स्तानिस्लाव्हस्कीने १८९८ साली मॉस्को आर्ट थिएटर काढले, तेव्हा आज नायक झालेल्याने उद्या किरकोळ भूमिकेतही उभे राहावे असा दंडक घातला होता. आपल्याकडे एकदा नायक झालेला दुसऱ्या वर्षी भालदार व्हावयास तयार असतो का, हे प्रत्येक मंडळीने स्वतःला विचारावे.

आणि हस्तपत्रक छापाल तेव्हा, किंवा आता मोबाइलवर पाठवाल तेव्हा, वर्गणीदारांच्या नावांच्या आधी एक ओळ मोकळी ठेवा. तेथे लिहा: तालीम, आणि पुढे ज्याने ती घेतली त्याचे नाव. ज्याचे नाव लिहिले जाते त्याला जाबही विचारता येतो.